गेम कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांनी मोबाईल फोन बनवावेत काय?

ओझर (ता. जुन्नर) : चतुर्थीला विघ्नहराच्या दर्शनबारीत उभ्या असलेल्या कुटुंबांकडे पाहिले, की एक गोष्ट चटकन लक्षात येते. रांग पुढे सरकेपर्यंत मुलांच्या हाती आई-वडिलांचा मोबाईल असतो आणि त्यावर कोणता ना कोणता खेळ चालू असतो. याच मुलांपैकी फार थोड्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल असेल. १९९०च्या दशकात 'समुराई', 'मीडिया' अशा नावांची यंत्रे आणि त्यांच्या पिवळ्या-काळ्या कॅसेट तालुक्याच्या बाजारापर्यंत पोहोचल्या होत्या. त्यांतील बहुतेक जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या मूळ यंत्राच्या नकला होत्या. त्यानंतरची महागडी यंत्रे मात्र शहरातच राहिली. खेड्यात व्हिडिओ गेम खऱ्या अर्थाने पोहोचला तो मोबाईलमधून. त्यातही ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू होऊन इंटरनेट स्वस्त झाल्यानंतर.

खेळणारा ग्राहक मोबाईलकडे गेला असेल, तर सोनी, निन्टेन्डो, मायक्रोसॉफ्ट या कन्सोल बनवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःचेच मोबाईल का बनवू नयेत, असा प्रश्न स्वाभाविकपणे उपस्थित होतो. तो गेली वीस-बावीस वर्षे चर्चेत आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी अनेक कंपन्यांनी अब्जावधी रुपये खर्च केले असून त्यातील एका कंपनीचा कारखाना पुणे जिल्ह्यातच आहे. या प्रयत्नांचा आणि त्यांतून निघणाऱ्या निष्कर्षांचा हा आढावा.

दोन धंदे, दोन गणिते

कन्सोल आणि मोबाईल ही दोन्ही यंत्रे आतून एकमेकांच्या जवळ आली असली, तरी त्यांच्या व्यवसायाचे गणित वेगळे आहे.

कन्सोलचे यंत्र अनेकदा अत्यल्प नफ्यात, प्रसंगी तोट्यातही विकले जाते. कंपनीची खरी कमाई त्यावर चालणाऱ्या खेळांतून होते. दुसऱ्या कंपनीने बनवलेला खेळ त्या यंत्रासाठी विकला गेला, की त्यातील ठरावीक वाटा कन्सोलच्या कंपनीला मिळतो. एक यंत्र सहा-सात वर्षे बाजारात राहते. त्यामुळे सुरुवातीचा तोटा पुढील वर्षांत भरून निघतो. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी आला, तेव्हा त्याची किंमत ४९,९९० रुपये होती. मात्र तो घेणारा ग्राहक पुढे अनेक वर्षे खेळ विकत घेत राहील, हे कंपनीने गृहीत धरलेले असते.

मोबाईलचे तसे नाही. तेथे दरवर्षी नवे मॉडेल आणावे लागते आणि नफा यंत्राच्या विक्रीतूनच काढावा लागतो. दुकानदारांचे जाळे, दुरुस्ती केंद्रे, दूरसंचार कंपन्यांशी करार, प्रत्येक देशाचे परवाने असा मोठा पसारा सांभाळावा लागतो. त्यावर चालणाऱ्या खेळांतील वाटा मात्र फोन बनवणाऱ्याला मिळत नाही. अँड्रॉइड फोनवर तो गूगलला आणि आयफोनवर अॅपलला मिळतो. अनेक वर्षे हा वाटा ३० टक्क्यांपर्यंत होता. म्हणजेच कन्सोल कंपनीने अँड्रॉइडचा फोन बनवला, तर तिची नेहमीची कमाई दुसऱ्याच्या खिशात जाते. स्वतःची वेगळी प्रणाली बनवली, तर तिच्यावर व्हॉट्सअॅप, नकाशे, बँकांची अॅप आणण्यासाठी इतरांच्या दारी जावे लागते. यूपीआय चालत नसलेला फोन आज नारायणगावच्या बाजारात कोणी हातात धरणार नाही. ही कोंडी हा या संपूर्ण विषयाचा गाभा आहे.

रांजणगावचा धडा

अष्टविनायकांपैकी ओझर व लेण्याद्री ही दोन स्थाने जुन्नर तालुक्यात आहेत, तर रांजणगाव शेजारच्या शिरूर तालुक्यात. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत दक्षिण कोरियाच्या एलजी कंपनीचा मोठा कारखाना आहे. फ्रीज, वॉशिंग मशीन यांसारख्या घरगुती वस्तूंबरोबरच २००५च्या सुमारास तेथे मोबाईल हँडसेटचे उत्पादनही सुरू झाले होते.

याच एलजीने पूर्वी व्हिडिओ गेमचा कन्सोलही बनवला होता, हे फारसे कोणाच्या स्मरणात नाही. कंपनी तेव्हा 'गोल्डस्टार' या नावाने ओळखली जाई. 'थ्रीडीओ' नावाच्या अमेरिकी कंपनीने यंत्राचा आराखडा तयार करून तो इतर उत्पादकांना वापरण्यास दिला होता. पॅनासोनिकने १९९३ मध्ये आणि गोल्डस्टारने १९९४ मध्ये त्यानुसार यंत्रे बाजारात आणली. पॅनासोनिकच्या यंत्राची सुरुवातीची किंमत तब्बल ६९९ डॉलर होती. यंत्र बनवणाऱ्याला खेळांच्या विक्रीतून फारसे काही मिळत नसल्याने त्याला नफा यंत्रावरच घ्यावा लागे. म्हणून किंमत उतरवणे कठीण झाले. काही वर्षांतच तो प्रयोग संपला.

पुढे मोबाईलच्या धंद्यात एलजी जगातील आघाडीच्या कंपन्यांपैकी एक झाली. परंतु स्मार्टफोनच्या काळात एका बाजूने अॅपल व सॅमसंग आणि दुसऱ्या बाजूने स्वस्त चिनी कंपन्या यांच्या कात्रीत ती सापडली. २०१५ पासून सलग २३ तिमाहींत तिच्या मोबाईल विभागाला तोटा झाला. तोट्याची एकूण रक्कम सुमारे साडेचार अब्ज डॉलरवर गेल्यानंतर ५ एप्रिल २०२१ रोजी कंपनीने मोबाईलचा धंदा जगभर बंद करत असल्याचे जाहीर केले. स्वतःचे पडदे, स्वतःचे कारखाने आणि घरोघरी पोहोचलेले नाव असलेल्या कंपनीची ही गत झाली. कन्सोलच्या कंपनीने या धंद्यात उतरण्यापूर्वी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवणे आवश्यक ठरते.

नोकियाचा उलटा प्रयोग

मोबाईल आणि गेम एकत्र आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न मोबाईल कंपनीने केला. ऑक्टोबर २००३ मध्ये नोकियाने 'एन-गेज' हा फोन आणला. निन्टेन्डोच्या 'गेमबॉय अॅडव्हान्स'ला तो टक्कर देईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात खेळ बदलायचा तर मागचे झाकण उघडून बॅटरी काढावी लागे. बोलताना फोनची कड कानाला लावावी लागे, त्यामुळे तो चेष्टेचा विषय झाला. २००४ मध्ये सुधारित 'एन-गेज क्यूडी' आला; त्यात हे दोष दूर करण्यात आले. तरीही दोन्ही मिळून सुमारे ३० लाख यंत्रेच विकली गेली. त्याच सुमारास बाजारात आलेल्या 'निन्टेन्डो डीएस'ची विक्री पुढे १५ कोटी ४० लाखांवर पोहोचली. फोन म्हणून गैरसोयीचा आणि गेम म्हणून दुय्यम, असा दोन्हीकडून फटका एन-गेजला बसला.

सोनीचा 'एक्स्पेरिया प्ले'

कन्सोल आणि मोबाईल ही दोन्ही साधने एकाच घरात असलेली प्रमुख कंपनी म्हणजे सोनी. एरिक्सनच्या भागीदारीत २००१ पासून ती फोन बनवत होती आणि प्लेस्टेशनही तिचाच होता. डिसेंबर २००४ मध्ये जपानमध्ये आलेल्या 'पीएसपी' या हातात धरायच्या यंत्राची विक्री पुढे सुमारे ८ कोटींवर गेली. त्यामुळे 'प्लेस्टेशनचा फोन' कधी येणार, याची चर्चा अनेक वर्षे चालू होती.

तो फोन फेब्रुवारी २०११ मध्ये बार्सिलोना येथील मोबाईल मेळाव्याच्या निमित्ताने जाहीर झाला आणि त्याच वर्षी भारतातही विक्रीस आला. 'एक्स्पेरिया प्ले' असे त्याचे नाव. चार इंचांचा पडदा वर सरकवला, की खालून प्लेस्टेशनसारखी बटणे बाहेर येत. कल्पना चांगली होती. पण खेळ पुरेसे नव्हते. पीएसपीसाठी घेतलेले खेळ त्यावर चालत नसत. अँड्रॉइडसाठीचे खेळ बनवणाऱ्यांनी बोटाने चालणाऱ्या पडद्याचा विचार केला होता. एका फोनच्या बटणांसाठी वेगळी मेहनत घेण्यात त्यांना स्वारस्य नव्हते. शिवाय सोनीचा गेम विभाग त्याच वर्षाच्या अखेरीस 'प्लेस्टेशन व्हिटा' हे स्वतःचे नवे यंत्र आणण्याच्या तयारीत होता. एकाच कंपनीच्या दोन विभागांची दोन यंत्रे एकाच ग्राहकासाठी बाजारात उभी राहिली. एक्स्पेरिया प्लेची दुसरी आवृत्ती आली नाही. व्हिटाचे उत्पादनही २०१९ मध्ये थांबले.

या प्रयोगाचा एक परिणाम ग्राहकांना थेट भोगावा लागला. फोनवर प्लेस्टेशनचे खेळ विकण्यासाठी सुरू केलेली 'प्लेस्टेशन मोबाईल' ही सेवा सप्टेंबर २०१५ मध्ये बंद झाली. त्यानंतर पैसे देऊन घेतलेले खेळही नव्याने उतरवून घेता येईनात. २०१४ मध्ये सोनीने मोबाईल विभागापोटी १८० अब्ज येन रकमेची घट हिशेबात दाखवली आणि मे २०१९ मध्ये भारतातील स्मार्टफोन विक्री थांबवली.

असे असले तरी मोबाईलच्या लाटेतून सोनीला फायदा झालाच. अनेक नामवंत कंपन्यांच्या फोनमधील कॅमेऱ्याचे सेन्सर सोनी पुरवते. स्वतःचा फोन विकून जे साधले नाही, ते दुसऱ्याच्या फोनचा महत्त्वाचा भाग बनवून साधले.

मायक्रोसॉफ्टने मोजलेली किंमत

मायक्रोसॉफ्टकडे 'एक्सबॉक्स' होता, संगणकावरील वर्चस्व होते आणि पैशांची कमतरता नव्हती. २०१० मध्ये आलेल्या 'विंडोज फोन'मध्ये सुरुवातीपासूनच एक्सबॉक्सचा स्वतंत्र विभाग देण्यात आला होता. पुढे कंपनीने नोकियाचा मोबाईल विभागच विकत घेतला. हा ५.४४ अब्ज युरोंचा व्यवहार एप्रिल २०१४ मध्ये पूर्ण झाला. अवघ्या सव्वा वर्षात, जुलै २०१५ मध्ये, कंपनीला ७.६ अब्ज डॉलर बुडीत दाखवावे लागले आणि ७,८०० पर्यंत नोकऱ्यांवर कुऱ्हाड कोसळली.

विंडोज फोन वाईट होता असे नाही. त्याच्यावर पुरेशी अॅप नव्हती. अॅप नाहीत म्हणून ग्राहक नाहीत आणि ग्राहक नाहीत म्हणून अॅप नाहीत, अशा दुष्टचक्रात तो अडकला. २०१९च्या अखेरीस व्हॉट्सअॅपनेही त्यावरील सेवा थांबवली. एक्सबॉक्सच्या लोकप्रियतेने या फोनला तारले नाही. गेम हे फोन घेण्याचे अनेक कारणांपैकी एक कारण आहे, एकमेव नाही, हे यातून दिसून आले.

निन्टेन्डोचा वेगळा मार्ग

निन्टेन्डोचे तत्कालीन अध्यक्ष सातोरू इवाता यांचा आपले खेळ इतरांच्या फोनवर देण्यास दीर्घकाळ विरोध होता. मारिओसारखी पात्रे ज्या यंत्रावर खेळता येतात, ते यंत्र लोक त्या पात्रांसाठी विकत घेतात. तीच पात्रे फोनवर फुकट मिळू लागली, तर यंत्र कोण घेणार, असा त्यामागील विचार होता. परंतु आर्थिक चणचण वाढल्यावर मार्च २०१५ मध्ये कंपनीने 'डीएनए' या जपानी मोबाईल कंपनीशी करार केला. त्याच वर्षी जुलैमध्ये इवाता यांचे निधन झाले.

जुलै २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो'ने जगभर धुमाकूळ घातला आणि निन्टेन्डोच्या समभागांचे भाव कडाडले. या खेळातील आपला हिस्सा मर्यादित असल्याचे कंपनीने स्पष्ट करताच ते खाली आले. डिसेंबर २०१६ मध्ये आलेल्या 'सुपर मारिओ रन'मधून अपेक्षेइतकी कमाई झाली नाही. निन्टेन्डोने फोनवरील खेळांकडे मुख्य धंदा म्हणून न पाहता जाहिरातीचे साधन म्हणून पाहिले. फोनवर मारिओची ओळख झालेला मुलगा पुढे कंपनीचे यंत्र घेईल, असा हा हिशेब होता.

मार्च २०१७ मध्ये आलेल्या 'स्विच'ने तो खरा ठरवला. या यंत्राच्या आत मोबाईल आणि टॅब्लेटसाठी तयार झालेल्या वर्गातील एनव्हिडिया कंपनीची चिप आहे. पडदा बोटाने चालतो, यंत्र बॅगेत मावते. मात्र त्यावरून फोन लावता येत नाही. मोबाईलच्या तंत्राचा लाभ घेऊन मोबाईलच्या धंद्याबाहेर राहिलेल्या या यंत्राची विक्री १५ कोटींच्या पुढे गेली. जून २०२५ मध्ये 'स्विच २' बाजारात आला.

फोनच्या बाजूने काय म्हणता येईल?

कन्सोल कंपन्यांनी फोन बनवावेत, असे म्हणणाऱ्यांचे मुद्देही दुर्लक्षण्याजोगे नाहीत.

पहिला मुद्दा ग्राहकसंख्येचा. भारतासारख्या देशात बहुतेक कुटुंबांना परवडणारे एकमेव संगणकीय यंत्र म्हणजे मोबाईल. पन्नास हजारांचा कन्सोल आणि त्याला साजेसा टीव्ही घेऊ न शकणारा ग्राहक पंधरा हजारांचा फोन हप्त्याने घेतो. त्याच्यापर्यंत पोहोचायचे तर त्याच्या खिशातल्या यंत्रावरच जावे लागेल.

दुसरा मुद्दा खेळाच्या दर्जाचा. काचेवर बोटे फिरवून खेळताना पडद्याचा बराचसा भाग बोटांखाली झाकला जातो, फोन तापतो आणि तापला की त्याची गती आपोआप कमी केली जाते. गेम डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला फोन हे दोष कमी करू शकतो. २०१७ मध्ये रेझर आणि २०१८ मध्ये असूस या कंपन्यांनी असे फोन आणले. रेझरने दोन फोननंतर हात आखडता घेतला. असूसच्या 'आरओजी' फोनना हौशी खेळाडूंचा वर्ग मिळाला. तो वर्ग निष्ठावान असला, तरी लहान राहिला.

तिसरा मुद्दा स्वातंत्र्याचा. दुसऱ्याच्या दुकानावर अवलंबून राहण्यातील धोका भारतीय खेळाडूंनी जवळून पाहिला आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने 'पबजी मोबाईल'सह ११८ अॅपवर बंदी घातली. त्याची जागा घेणारा 'बीजीएमआय' जुलै २०२१ मध्ये आला, जुलै २०२२ मध्ये हटवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. अर्थात सरकारी आदेशाचा प्रश्न स्वतःचा फोन असल्याने सुटत नाही. अॅपल व गूगलच्या नियमांपासूनची सुटका मात्र स्वतःच्या यंत्रामुळे शक्य होते.

येथे अॅपलचा इतिहासही उद्बोधक आहे. मोबाईलवरील खेळांच्या बाजारातून प्रचंड कमाई करणाऱ्या या कंपनीने १९९६ मध्ये बंदाईसह 'पिपिन' नावाचा कन्सोल आणला होता. तो सपशेल पडला. २००७ चा आयफोन आणि २००८ चे अॅप स्टोअर यांच्या यशात गेमचा वाटा मोठा असला, तरी त्यांची उभारणी गेमसाठी झालेली नव्हती.

पुण्यातील गेम निर्मात्यांचा संबंध

हा वाद टोकियो आणि सिॲटलपुरता मर्यादित नाही. पुण्यात दोन्ही प्रकारचे खेळ बनतात. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २००८ मध्ये गेमलॉफ्टकडून पुण्यातील स्टुडिओ घेतला. कन्सोलवर लोकप्रिय असलेल्या 'जस्ट डान्स' मालिकेच्या निर्मितीत त्याचा सहभाग राहिला आहे. पुण्याच्याच 'सुपरगेमिंग'ने 'इंडस' हा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्ये मोबाईलसाठी आणला.

'नॉडिंग हेड्स गेम्स' या पुण्यातील लहान संस्थेची कथा अधिक बोलकी आहे. भारतीय पुराणकथांच्या पार्श्वभूमीवरील तिचा 'राजी' हा खेळ ऑगस्ट २०२० मध्ये सर्वप्रथम निन्टेन्डो स्विचवर आला. गंमत अशी, की स्विच तेव्हा भारतात अधिकृतपणे विकला जात नव्हता. पुण्यात बनलेला, आपल्या मातीतील कथा सांगणारा खेळ पुण्यातील सामान्य मुलाला सहज खेळता येत नव्हता. काही आठवड्यांनी तो संगणक, प्लेस्टेशन व एक्सबॉक्सवर आणि पुढे नेटफ्लिक्समार्फत मोबाईलवरही आला.

लहान निर्मात्याच्या दृष्टीने पाहिल्यास प्रत्येक नवे यंत्र म्हणजे नवा खर्च असतो. खेळ नव्याने जुळवून घ्यावा लागतो, तपासावा लागतो, परवाने घ्यावे लागतात. कन्सोल कंपनीचा वेगळा फोन आला आणि तो दोन वर्षांत बंद पडला, तर ही मेहनत वाया जाते. त्यापेक्षा हाती असलेल्याच फोनवर चांगल्या खेळाला योग्य किंमत मिळण्याची सोय झाली, तर ती त्याच्या अधिक उपयोगाची. फुकट खेळण्याची सवय लागलेल्या बाजारात 'राजी'सारख्या एकदाच पैसे घेणाऱ्या खेळाला जागा मिळणे, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न आहे.

मधला मार्ग

गेल्या काही वर्षांत कन्सोल कंपन्यांनी जो मार्ग स्वीकारला, त्यात फोन बनवण्याचे काम इतरांवर सोडलेले दिसते. घरातील प्लेस्टेशनवरचा खेळ इंटरनेटद्वारे फोनच्या पडद्यावर खेळता येतो. फोनला दोन्ही बाजूंनी बसणारी बटणांची जोडणी मिळते. 'बॅकबोन' कंपनीने २०२२ मध्ये प्लेस्टेशनच्या नावाने अशी जोडणी आणली. सोनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'प्लेस्टेशन पोर्टल' हे हातात धरायचे यंत्र आणले, पण त्यात फोन नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये 'अॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड' ६८.७ अब्ज डॉलरला घेतली. त्याबरोबर 'कँडी क्रश' बनवणारी 'किंग' कंपनीही तिच्याकडे आली. म्हणजे फोन न बनवता कोट्यवधी फोनमध्ये तिने प्रवेश मिळवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेले एक्सबॉक्सच्या नावाचे हातात धरायचे यंत्रही असूसने बनवलेले आहे.

ग्राहकांनी लक्षात घ्यावे

गेमसाठी खास म्हणून विकला जाणारा महागडा फोन घेण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. कंपनी किती वर्षे सॉफ्टवेअरच्या सुधारणा देणार आहे. जिल्ह्यात दुरुस्ती केंद्र आहे काय. आणि विकत घेतलेले खेळ दुसऱ्या फोनवर नेता येतात काय. एक्स्पेरिया प्ले घेणाऱ्यांना तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर उशिरा कळले. घरातील एकच फोन मुलांचा अभ्यास, बाजारभाव आणि पैशांचे व्यवहार यांसाठीही वापरला जात असेल, तर खेळाची गती हा शेवटचा निकष ठरावा.

महत्त्वाचे टप्पे

१९९४ : गोल्डस्टारचा (नंतरची एलजी) थ्रीडीओ कन्सोल
१९९६ : अॅपल व बंदाईचा पिपिन
२००३ : नोकियाचा एन-गेज
२०११ : सोनीचा एक्स्पेरिया प्ले
२०१४ : मायक्रोसॉफ्टकडून नोकियाच्या मोबाईल विभागाची खरेदी
२०१५ : निन्टेन्डो-डीएनए करार, प्लेस्टेशन मोबाईल बंद
२०१७ : निन्टेन्डो स्विच
२०१९ : सोनीची भारतातील फोनविक्री बंद
२०२१ : एलजी मोबाईलच्या धंद्यातून बाहेर

या सर्व घडामोडींचा एकत्रित विचार केल्यास उत्तर बऱ्याच अंशी स्पष्ट होते. कन्सोलच्या कंपनीचे बळ तिच्या खेळांत असते, फोनच्या कारखान्यात नव्हे. ज्यांनी खेळ जपले आणि फोन दुसऱ्यांना बनवू दिले, त्या टिकल्या. ज्यांनी खेळाच्या नावावर फोन विकू पाहिले, त्यांनी मोठी किंमत मोजली. आणि त्यांच्याबरोबर काही अंशी ती ग्राहकांनीही मोजली. दर्शनबारीतील मुलाच्या हातात जो फोन आहे, त्यावर कोणत्या कंपनीचे नाव आहे, याला त्याच्या लेखी फारसे महत्त्व नाही. त्या फोनवर त्याला उत्तम खेळ मिळतो काय, आणि तो आपल्याकडच्या निर्मात्यांनी बनवलेला असतो काय, हा प्रश्न पुढील काळात अधिक महत्त्वाचा ठरणार आहे.